‘रन’चे सहाशे अर्थ पाठ करायचे का?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी पक्कं करायचं म्हणून मोठा कोश उघडला, ‘रन’ या शब्दाची पानं उलटली आणि धीर सुटला. धावणे, वाहणे, चालवणे, लढवणे, छापणे, पसरणे, संपणे, सगळं एकाच तीन अक्षरी शब्दात. इतके अर्थ आले कुठून, ते पाठ करायची काही युक्ती आहे का, आणि मराठीत आणताना दर वेळी वेगळाच शब्द का शोधावा लागतो?

पाठ करू नका, हे आधीच सांगून टाकते. भाषांतरावर पोट असलेल्या माझ्यासारख्या बाईलाही ते पाठ नाहीत आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

धीर सुटणं मात्र साहजिक आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिसऱ्या आवृत्तीचं काम संपादकांनी ‘एम’ अक्षरापासून हाती घेतलं. त्यामुळे पहिला मान ‘मेक’ने पटकावला, पुढे ‘पुट’ने, आणि २०११ मध्ये ‘रन’ सगळ्यांच्या पुढे गेला. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर हे संपादक या एका शब्दावर नऊ महिने बसून होते. पण हा ऐतिहासिक कोश आहे हे विसरू नका. तिथे एकदा आत आलेला अर्थ बाहेर काढत नाहीत, मग तो वापरून कुणाला तीन-चार शतकं का झालेली असेनात. शिवाय अर्थ किती बारीक चिरायचे हे संपादकावर असतं. ‘घोडा धावला’ आणि ‘घोडा धावडवला’ या तिथे दोन नोंदी होतात. तेव्हा आकड्याचं कौतुक करावं आणि पुढे जावं.

घोड्याचं हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण अर्ध्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एक ‘रिन्नान’, म्हणजे आपण होऊन धावणं किंवा वाहणं. दुसरं ‘ॲर्नान’, म्हणजे धावायला लावणं, घोडा दामटणं. पुढे दोन्ही मिसळून एकच ‘रन’ उरला. जर्मनने अशीच एक जोडी अजून सांभाळली आहे: पाणी ओघळतं तेव्हा ‘रिनेन’, माणूस पळतो तेव्हा ‘रेनेन’. इंग्रजीत मात्र दुकानही ‘रन’ होतं आणि मालकही दुकान ‘रन’ करतो. आपल्याकडे हा प्रश्न एका ‘व’ने सुटतो. चालणे–चालवणे, पळणे–पळवणे. म्हणजे इंग्रजी कोशातल्या बऱ्याच नोंदी मराठी माणसाला जोडीने मिळतात, एक समजली की दुसरी फुकट.

आता दुसरी गोष्ट, जी मला शाळेत कुणी सांगितली नव्हती आणि आपल्यापैकी बहुतेकांना सांगत नाहीत. शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं एकदा डोक्यात बसतं ते बसतंच. प्रत्यक्षात रोजच्या इंग्रजीतल्या ‘रन’ला मराठीत सर्वांत जास्त वेळा उत्तर देतं ते ‘चालणे’. कंपनी चालवतात, घर चालवतात, यंत्र चालतं, शाळा दोन पाळ्यांत चालते, खटला वर्षानुवर्षं चालतो, नाटक चालतं, भाडेकरार मार्चपर्यंत चालतो. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतो. इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो, आणि काम तितकंच होतं. सरकारही आपण चालवतो, धावडवत नाही. ‘चालू’ या विशेषणाकडे बघा: नळ चालू, खातं चालू, वर्ष चालू, आणि माणूस चालू म्हटला की त्याच्यापासून जपून राहायचं. एका ‘चालू’चे इतके अर्थ आपण न अडखळता वापरतो, त्यांची यादी कुणी कधी पाठ केली? ‘लागणे’ तर विचारूच नका. भूक लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, फोन लागतो, ग्रहण लागतं, वाट लागते. फलाटावर ‘बस लागली’ म्हणजे या आणि बसा, आणि घाटात ‘बस लागली’ म्हणजे पिशवी शोधा. मराठी शिकणारा परदेशी माणूस ‘लागणे’समोर तसाच हताश होतो जसे तुम्ही ‘रन’समोर.

‘लागणे’ आपल्याला कसं कळतं? सोबतीवरून. भूक म्हटलं की पुढचं ‘लागली’ वेगळं, निकाल म्हटलं की वेगळं. ‘रन’चंही तेच करायचं. तो एकटा दिसला तर त्याला काही विचारू नका. कोण ‘रन’ होतंय आणि त्याच्या पुढे काय आलंय, एवढं बघा. माणूस, पाणी, यंत्र, रस्ता, वेळ, पैसा. कर्ता यांतला कोणता ते ठरलं की शेकड्यातले अर्थ बोटांवर येतात.

पाण्याची शाखा फार जुनी आणि सर्वांत सोपी. नदी वाहते, नाक वाहतं किंवा गळतं, डोळ्यांतून पाणी येतं, मेणबत्तीचं मेण ओघळतं. नळाबद्दल मात्र आपण ‘वाहतो’ म्हणत नाही, ‘नळ चालू राहिला’ म्हणतो. अंघोळीच्या टबासाठी इंग्रजीत ‘बाथ रन’ करतात, आपण पाणी सोडतो किंवा काढतो. पहिल्या धुण्यात नव्या साडीचे ‘कलर्स रन’ झाले, तर मराठीत रंग गेला. आणि तो शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर चढला, तर रंग लागला. इंग्रजीला इथे एकच गोष्ट दिसते, आपल्याला दोन: कुणाचा गेला आणि कुणाला लागला. भांडण दुसऱ्यावरून होतं. आणि पोट बिघडलं की ‘द रन्स’ लागतात, त्याला आपल्याकडे जुलाब हा शब्द आहे, ढाळ आहे, आणि चारचौघांत ‘पोट ठीक नाही’ आहे.

मग येतात न हलणाऱ्या गोष्टी. रस्ता जागचा हलत नाही, पण तो इंग्रजीत नदीच्या कडेने ‘रन’ होतो. त्यात नवल वाटायचं कारण नाही, आपलाही रस्ता ‘जातो’, ‘वळतो’, ‘खाली उतरतो’, आणि वाट चुकलेल्याला आपण बिनदिक्कत विचारतो, ‘हा रस्ता कुठे जातो?’ हलतं ते बघणाऱ्याचं लक्ष. डोंगराच्या बाबतीत मात्र मी अडून बसते. सुमारे १६०० किलोमीटरचा पश्चिम घाट ‘किनाऱ्याला समांतर धावतो’ असं पुस्तकांत सर्रास छापलेलं असतं. मला ते खटकतं. सह्याद्री पसरला आहे, त्याची रांग गेली आहे, तो किनाऱ्याला धरून उभा आहे. काहीही म्हणा, पण त्याला धावायला लावू नका. ज्यांना खटकत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही, कारण असे शब्द रुळले की रुळले.

रुळण्यावरून रुळांकडे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली. असंच आपण लिहितो आणि ते आता अस्सल मराठी आहे. पण फलाटावर उभं राहून ऐका. वर ध्वनिक्षेपक सांगतो, ‘गाड्या वीस मिनिटे उशिराने धावत आहेत.’ खाली माणूस फोनवर सांगतो, ‘गाड्या वीस मिनिटं लेट आहेत.’ गाडी रविवारी ‘रन’ होत नाही याचं बोलीतलं मराठी ‘ही गाडी रविवारी नसते’ एवढंच. क्रियापदच गळून पडतं आणि वाक्य जास्त मराठी होतं. भाषांतर शिकणाऱ्यांना मी हे एकच वाक्य घोटायला लावते. आणि गंमत म्हणजे त्याच फलाटावर पोरं ‘रनिंगमध्ये’, म्हणजे गाडी थांबायच्या आत, गाडी पकडतात. हे ‘रनिंग’ मुंबईचं स्वतःचं आहे, इंग्रजाला ते असं सांगून कळायचं नाही. रेल्वेच्या चालक आणि गार्ड मंडळींना ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात, आणि ड्यूटीवरून बाहेरगावी आलेला हा स्टाफ जिथे जेवतो आणि झोपतो त्या जागेचं नाव ‘रनिंग रूम’. झोपण्याच्या खोलीला धावती खोली म्हणणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

कामधंद्यात हा शब्द असाच मुरला आहे. सुतार किंवा ग्रिलवाला ‘रनिंग फुटाने’ भाव सांगतो, म्हणजे रुंदी विसरा, लांबी मोजा. ठेकेदाराचं ‘आर. ए. बिल’ म्हणजे ‘रनिंग अकाउंट’ बिल: काम चालू असताना झालेल्या कामापुरतं काढलेलं, अखेरचं नव्हे. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळशाच्या कागदांत ‘आर. ओ. एम.’ दिसेल. ‘रन ऑफ माइन’, खाणीतून जसा निघाला तसा, न निवडलेला माल. सामान्य, नेहमीचं, त्यात काही विशेष नाही अशा गोष्टीला इंग्रजीत ‘रन ऑफ द मिल’ म्हणतात ते याच घराण्यातलं: गिरणीतून जसं बाहेर पडलं तसं, प्रतवारी न केलेलं. छापखान्यातला ‘प्रिंट रन’ म्हणजे एका खेपेला छापलेल्या प्रती. इथे ‘रन’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ ‘न थांबता चाललेली एक खेप’. ही खेप मनात ठेवा. नाटकाचे सलग प्रयोग, पत्त्यांतली सलग पानं, जिंकलेल्या सामन्यांची रांग, सगळी तीच.

या नामावरून मला नेहमी आपली ‘धाव’ आठवते. बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची मोट चालायची तेव्हा विहिरीलगतच्या उतरत्या वाटेला ‘धाव’ म्हणत. बैल उताराने खाली गेले की मोट भरून वर यायची, पाणी थारोळ्यात ओतलं की बैल मागच्या पावली चढण चढायचे. त्या वाटेवर धावत कुणीच नव्हतं, बैल तर मुळीच नाहीत, पण वाटेचं नाव धाव. इंग्रजीतला कोंबड्यांचा ‘रन’ (जाळी लावून बंदिस्त केलेलं अंगण) आणि बर्फावरून घसरण्याचा ‘रन’ अगदी याच वाटेने तयार झाले: हालचालीचं नाव हालचालीच्या जागेला. बैलगाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी, तीही धाव. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. वर्तमानपत्रात कुणीतरी रोज न्यायालयात धाव घेतो. आणि ‘धावा’ हे रूप तर दुहेरी आहे. द्रौपदीने कृष्णाचा केला तो धावा पुल्लिंगी एकवचनी, फलंदाजाने काढल्या त्या धावा स्त्रीलिंगी अनेकवचनी. सामना हातचा जात असला की प्रेक्षक दोन्हींची वाट बघतो.

क्रिकेटमधला ‘रन’ हा अर्थ कसा सरकतो त्याचा उघडा नमुना आहे. खेळाडू दोन टोकांमध्ये खरंच धावायचे, म्हणून ‘रन’. अठराव्या शतकात त्याची मोजदाद काठीवर खाचा पाडून करत आणि गुणालाच ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत. पुढे सीमारेषा आली, चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा न हलता चार ‘रन’ मिळू लागले. पाय गेले, गुण राहिला. मराठीने शब्द घेतला तो सगळ्या परिवारासकट: धावसंख्या, धावफलक, धावगती, धावबाद. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीत समालोचन केलं, तेव्हा हे शब्द कानावर पडून पक्के झाले. ‘रनिंग कॉमेंटरी’चं ‘धावतं समालोचन’ हे शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर, पण टिकलं, कारण आपल्याकडे धावता आढावा आणि धावती भेट असे शेजारी त्याला मिळाले. (धावत्या भेटीला इंग्रजीत ‘फ्लाइंग’ म्हणतात. तिथे ते उडतात, आपण धावतो.)

आता जरा कामाचं टेबल दाखवते. शेतीपंपाच्या माहितीपत्रकात एकाच पानावर येतील अशी ही पाच वाक्यं बघा. पहिलं: बोअरमध्ये पाणी नसताना पंप ‘रन’ करू नका. सोपं, ‘पंप कोरडा चालवू नका’. दुसरं: केबल पाइपाच्या कडेने ‘रन’ करा. इथे नवशिका ‘केबल चालवा’ लिहितो. शेतकरी किंवा वायरमन काय म्हणेल? ‘केबल पाइपाला धरून खाली सोडा आणि जागोजागी बांधा.’ तिसरं: ‘पाइप रन’ शक्य तितका आखूड ठेवा. म्हणजे पाइपलाइनची लांबी, बस. चौथं: सुरुवातीला पाणी स्वच्छ येईपर्यंत ‘रन’ करा. इथे मोटर आणि पाणी दोन्ही आहेत, आणि मराठीत मोटर पुढे येते: ‘स्वच्छ पाणी येईपर्यंत मोटर चालू ठेवा’. पाचवं: स्टार्टरच्या पेटीत ‘ड्राय रन’ संरक्षण आहे का ते बघा.

हा पाचवा शब्द मी भाषांतरित करतच नाही. गावात स्टार्टर दुरुस्त करणारा ‘ड्राय रन’च म्हणतो आणि शेतकऱ्यालाही तेच कळतं: बोअरचं पाणी तुटलं, मोटरचा करंट घसरला, पेटीने मोटर बंद केली. पण हाच शब्द २ जानेवारी २०२१ रोजी घरोघरच्या टीव्हीवर वेगळ्याच अर्थाने आला. कोरोनाच्या लसीकरणाची देशभर ‘ड्राय रन’ झाली. लस नाही, सुई नाही, पण नोंदणी, रांग, निरीक्षणाची खोली सगळं खऱ्यासारखं. मराठी बातम्यांत त्याला ‘रंगीत तालीम’ म्हटलं गेलं आणि ते चपखल होतं, फक्त मजा अशी की कोरडी म्हणायची ती आपल्याकडे रंगीत झाली. ‘रन’ दोन्हीकडे ‘चालवून बघणं’च आहे. फरक ‘ड्राय’मध्ये पडला. पंपाला पाणी नाही ते संकट, आणि तालमीत लस नाही ती सोय. एकट्या ‘रन’कडे टक लावून बसलात तर हा फरक दिसत नाही, म्हणून सोबत बघा असं म्हणते.

तरीही काही वाक्यं सोबत बघूनही सुटत नाहीत. तिथे कर्ताच बदलावा लागतो. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ यात ‘रन आउट’ झालो ते आपण. मराठीत माणसाला काही होत नाही, साखर संपते. ‘शी इज रनिंग अ टेम्परेचर’ यात ती काहीतरी करते आहे. मराठीत तिला ताप आहे, अंग तापलंय. ‘आय ॲम रनिंग लेट’, मला उशीर होतोय. ‘इट रन्स इन द फॅमिली’, हे त्यांच्या रक्तातच आहे, घराण्यातच आहे. इंग्रजीला माणूस कर्ता म्हणून पुढे उभा करायची हौस आहे. मराठीत भूक, ताप, उशीर, आठवण या गोष्टी आपल्याकडे येतात, आपण त्या करत नाही. जे भाषांतर वाचताना ‘हे कुणीतरी इंग्रजीतून उचललंय’ असं वाटतं, त्यात दहापैकी आठ वेळा शब्द बरोबर असतो आणि कर्ता चुकलेला असतो. भाजल्यावर ‘रन कोल्ड वॉटर ओव्हर द बर्न’ अशी सूचना असते. तिचं ‘भाजलेल्या भागावर थंड पाणी चालवा’ असं मराठी एका पत्रकात छापलेलं मी पाहिलं आहे. घाबरलेल्या आईला त्यातून काय कळणार? ‘भाजलेला हात वीस मिनिटं नळाखाली धरा.’ पाणी हलवायचं नाही, हात हलवायचा.

निवडणुकीचं प्रकरण देशपरत्वे बदलतं. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ होतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ होतो, म्हणजे एकीकडे धावतो आणि दुसरीकडे उभा राहतो. आपल्याकडे तो उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही, धावपळ कार्यकर्त्यांना. अमेरिकी उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात तो शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. एकाच तबेल्यातला दुसरा घोडा, मुख्य घोड्याला वेग धरून देण्यासाठी उतरवलेला. तिथे ‘सहधावक’ वगैरे लिहू नका, उपाध्यक्षपदाचा उमेदवार म्हणा आणि मोकळे व्हा.

बँकेवरचा ‘रन’, म्हणजे घाबरलेल्या ठेवीदारांनी एकदमच पैसे काढायला धावणं, जरा जास्त गंभीर. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याचे आदेश ठेवीदारांनी दिले, बहुतेक फोनवरून आणि संगणकावरून, रांगेत उभं न राहता. म्हणजे या अर्थातूनही पाय गेले. मराठीत याला एक ठरलेला शब्द नाही. ‘पैसे काढण्यासाठी झुंबड’ हे मी वापरते, कारण झुंबडीत घबराटही येते. ‘बँकेवर धाव’ लिहिलं तर दरोडा पडल्यासारखं वाटतं.

माणूस स्वतःच्या पायांनी ‘रन’ करतो तेव्हा तरी सोपं असेल असं वाटतं ना? तिथेही मराठीत दोन दारं आहेत. धावणे आणि पळणे. रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच, पण जोडक्रियापद लागलं की वाटा फुटतात. मदतीला धावून गेला, संकटातून पळून गेला. धावून आला तो देवमाणूस, अंगावर धावून आला तो गुंड, पळून आला तो घाबरलेला. ‘ही केम रनिंग’ एवढं वाक्य देऊन कुणी भाषांतर मागितलं तर मी आधीचं वाक्य मागते. ‘हिट अँड रन’मधला ‘रन’ स्पष्टपणे पळण्याचा आहे. बातमीत ‘धडक देऊन चालकाने पळ काढला’ हे कितीतरी चांगलं, पण मथळ्यात जागा कमी म्हणून ‘हिट अँड रन’ राहिलं आणि आता ते कायद्याच्या चर्चेतही तसंच बोललं जातं. मूळ बेसबॉलचा डावपेच, तिथे पळणारा गुन्हेगार नसतो.

शब्दाला चिकटलेल्या ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘इन्टू’ या शेपटांचं काय? एकाच शेपटाचे तीन-तीन अर्थ होतात म्हणून मुलं वैतागतात. ‘रन ओव्हर’ घ्या. कुत्र्याच्या अंगावरून गाडी गेली, सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबली, भाषणाच्या टिपणांवरून एकदा नजर फिरवली. तिन्हीत ‘ओव्हर’ म्हणजे ‘वरून’ किंवा ‘पलीकडे’ हे दिसतंय ना? कुत्र्याच्या वरून, वेळेच्या पलीकडे, कागदावरून. अर्थ शेपटात आहे, ‘रन’ने फक्त गती दिली. ‘डाउन’ही तसाच. बॅटरी उतरते, तब्येत खालावते, वाडा पडका होतो, माणसाच्या पाठीमागे त्याला नावं ठेवली जातात. सगळं खाली. ‘इन्टू’ म्हणजे आत घुसणं, आदळणं: गाडी खांबाला, माणूस अडचणीत, आणि मंडईत अचानक जुना मित्र समोर. खर्च ‘रन इन्टू’ लाखो झाला, तर आपला खर्चही ‘लाखात जातो’. मराठी पुष्कळदा शेजारीच असते, आपण ‘धावणे’ला धरून बसल्यामुळे ती दिसत नाही.

संगणकाचा ‘रन’ शेवटी ठेवला कारण त्यात फारसं काही नाही. यंत्र ‘रन’ व्हायचं, म्हणून यंत्रात घातलेला प्रोग्रामही ‘रन’ होऊ लागला. मराठीत ‘रन कर’ किंवा ‘चालवून बघ’. ‘धावव’ कुणी म्हणत नाही आणि म्हणायला लावूही नये.

कोश कोणता वापरायचा, हे विचारलेलं नाही तरी सांगते. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि थॉमस कँडी यांनी तडीस नेलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ चा. तो जुन्या मराठी शब्दांचं भांडार म्हणून जवळ असावा, पण इंग्रजी शिकायला तो नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थांची जन्मकुंडली मांडतो, त्यात जुना अर्थ आधी येतो, मग तो आज वापरात असो वा नसो. शिकणाऱ्याने शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्यावा. त्यातही १९८७ मध्ये बर्मिंगहॅमहून जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेला कोबिल्ड मला जास्त आवडतो. तो शब्दासमोर प्रतिशब्द ठेवत नाही, पूर्ण वाक्यात समजावतो: माणूस ‘रन’ करतो तेव्हा असं होतं, धंदा ‘रन’ करतो तेव्हा तसं. कर्ता आणि सोबत आपोआप डोळ्यांसमोर येतात. त्याची कुठलीही आवृत्ती चालेल, रद्दीत मिळालेली जुनीसुद्धा. वही करायचीच असेल तर ‘रन’चं एक पान करू नका, नळ, गाडी, दुकान, ताप, पैसा यांची पानं करा आणि ‘रन’ जिथे भेटेल तिथे त्या-त्या पानावर आख्खं वाक्य उतरवा.